हरियाणाला गेलेला गुणक

गेल्या महिन्यात कोल्हापुरात एका सभागृहात पदवीचं शिक्षण आणि नोकऱ्या या विषयावर चर्चा होती. व्यासपीठावर एक फौंड्रीवाले होते. माईक हातात आल्याबरोबर ते म्हणाले, ‘‘बीएच्या पोरांना गुणक आणि रोखता पसंती शिकवून कुणाचं पोट भरलंय? त्यांना टॅली शिकवा, जीएसटीचं रिटर्न भरायला शिकवा, शेअर बाजार शिकवा.’’ टाळ्या पडल्या. (गुणक म्हणजे खर्चलेला एक रुपया हातोहात फिरून उत्पन्न किती रुपयांनी वाढवतो तो आकडा, आणि रोखता पसंती म्हणजे लोकांची पैसा रोख जवळ ठेवण्याची ओढ.) मग एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले. सिद्धांताने बुद्धीला शिस्त लागते, ती दिसत नाही पण जन्मभर पुरते, असं त्यांनी सांगितलं. त्यालाही टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसून दोन्ही टाळ्या ऐकल्या. मी स्थूल अर्थशास्त्राची, म्हणजे एका दुकानाच्या नव्हे तर सगळ्या देशाच्या उत्पन्न, भाव आणि रोजगाराच्या हिशेबाची, तोंडओळख हा पेपर तासिका तत्त्वावर शिकवतो, तेव्हा माझा हितसंबंध उघड आहे आणि वाचकाने तो धरूनच पुढे वाचावं. पण त्या दिवशी दोन्ही बाजू एकच गृहीत धरून बोलत होत्या. हा विषय म्हणजे व्याख्यांचं गाठोडं, हे ते गृहीत. एकाला ते ओझं वाटतं, दुसऱ्याला तालमीतली गदा. माझं म्हणणं असं, की स्थूल अर्थशास्त्राची ओळख पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो इतिहासाचा असो की रसायनशास्त्राचा, एकदा व्हायलाच हवी. मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्समधून जे शिकवलं जातं, त्याचा बचाव मी करणार नाही.

हा विषय सक्तीचा का असावा? कारण तो जे सांगतो ते स्वतःच्या अनुभवातून कळत नाही. बाकी पुष्कळ व्यवहार अनुभवाने कळतो. कोल्हापूरच्या गूळ बाजारात आवक वाढली की सौदा पडतो, हे गुऱ्हाळवाल्याला कुठल्याही आलेखाशिवाय ठाऊक असतं. पण इचलकरंजीचा यंत्रमागधारक घ्या. कापड उठत नाही म्हणून तो मजुरी कमी करतो. त्याच्यापुरता तो शहाणपणा आहे, त्याचा खर्च खरोखर कमी होतो. आता हाच शहाणपणा देशातल्या प्रत्येक मालकाने एकाच महिन्यात केला तर? कापड, सायकली, बिस्किटं घेणारे कोण असतात? याच नाही तर त्याच मालकाचे मजूर. एकाची मजुरी हा दुसऱ्याचा गल्ला असतो. सगळ्यांनी मिळून खर्च कापला की सगळ्यांचे गल्ले मिळून आटतात आणि मालक पुन्हा म्हणतो, बघा, कापड उठत नाही, अजून कापूया. १९२९ नंतर अमेरिकेत हेच झालं. १९३३ पर्यंत तिथे चारातला एक कामगार बेकार होता, आणि त्या चार वर्षांत प्रत्येक कारखानदार आपापल्या वहीप्रमाणे बरोबरच वागत होता. प्रत्येकाची बेरीज बरोबर आणि एकूण बेरीज चूक, हे कसं होतं ते समजून घ्यायचं तर कुठल्याही एका दुकानात, एका शेतात किंवा एका फौंड्रीत उभं राहून भागत नाही.

फौंड्रीवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मात्र नाही. माझ्या वर्गातली अर्धी मुलं सकाळचा तास करून कामावर जातात. कुणी शिरोलीत, कुणी गोकुळ शिरगावला, कुणी मामाच्या मेडिकलमध्ये. तीन वर्षांनी हातात पदवी असते आणि साधं इनव्हॉइस करता येत नाही, ही लाज आमची आहे, त्यांची नाही. टॅली शिकवावीच. पण टॅली सहा महिन्यांच्या वर्गात येते, गल्लीगल्लीत तसे वर्ग आहेत, आणि त्यासाठी विद्यापीठाची गरज नाही. शेअर बाजाराच्या मागणीची मात्र मला भीती वाटते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी १०० मधले ९३ तोट्यात गेले, असं शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या ‘सेबी’नेच २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं. तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या पुढे. या सौद्यात एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा असतो, वर दलाली आणि कर वेगळे. म्हणजे सगळ्यांनी शिकून सगळे श्रीमंत होतील ही गोष्ट बेरजेतच बसत नाही. ते ध्यानात यायला जी नजर लागते, तीच अभ्यासक्रमातून काढून टाका असा आग्रह चालला आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो करणारे माझे मित्रच आहेत. ते म्हणतात, हे शास्त्र परदेशी आहे. पुस्तकातला बेकार माणूस रोजगार कार्यालयाच्या रांगेत उभा असतो. आपला बेकार घरच्या दीड एकरात कुदळ घेऊन दिसतो, म्हणून तो मोजणीत बेकार धरला जात नाही. पुस्तकातली भाववाढ कारखान्याच्या मजुरीतून येते. आपली टोमॅटो, कांदा आणि डाळीतून येते. हे मान्यच करावं लागतं. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून केलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात, म्हणजे भाववाढ मोजायच्या टोपलीत, खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. म्हणजे पाऊस ओढ देतो तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या हातात असलेल्या व्याजदराच्या दोरीने जवळजवळ अर्धी टोपली ओढताच येत नाही. हा फरक पुस्तकात तळटीप म्हणून येतो, तो मुख्य प्रकरण म्हणून यायला हवा.

पण फरक आहे म्हणून शास्त्र परकं ठरतं का? हे शास्त्र ज्याच्या नावाने ओळखलं जातं त्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्सची सुरुवातच मुळी रुपयावर झाली. १९०६ ते १९०८ तो लंडनच्या इंडिया ऑफिसात कारकुनी करत होता, आणि त्याचं १९१३ सालचं पहिलं पुस्तक भारताच्या चलनावर आहे. भारतात मात्र तो कधीच आला नाही. रुपया सोन्याच्या नाण्यांशी न बांधता सोन्यावर चालणाऱ्या पौंडाशी ठरल्या दराने बांधावा आणि सरकारने तो सांभाळावा, ही व्यवस्था त्याला पसंत होती. त्याला उत्तर कुणी दिलं? मार्च १९२० मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद झाली. शाहू महाराजांनी तिथे जमलेल्यांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. तो पुढारी त्याच वर्षी अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेला. शिकायला काय गेला, तर अर्थशास्त्र. लिहिलं कशावर, तर रुपयाच्या प्रश्नावर. १९२३ साली छापलेल्या त्या प्रबंधात डॉ. आंबेडकरांनी केन्सच्या मताचा समाचार घेतला आहे. मुद्दा असा, की चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर सोडलं तर ते वाढत जातं, भाव चढतात, आणि चढलेल्या भावाची झळ मजुरी मागाहून वाढणाऱ्याला आधी लागते. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत आपला मतभेद नोंदवून पुस्तकाचं स्वागत केलं. माणगावचं नाव आम्ही दरवर्षी घेतो. पण माणगावाहून निघालेला माणूस चलनाच्या प्रश्नाला ‘आपल्या लोकांच्या उपयोगाचं नाही’ असं म्हणाला नव्हता, याची आठवण अर्थशास्त्राच्या वर्गातसुद्धा कुणी काढत नाही.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते मला स्वतःला फार उशिरा कळलं. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यातली मिठावरच्या कराची मागणी शाळेतल्या पोराला पाठ असते. त्याच यादीत रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्सवरून एक शिलिंग चार पेन्स करा, अशीही मागणी होती. दोन पेन्ससाठी एवढा हट्ट का? रुपया महाग ठेवला की बाहेरचं कापड इथे स्वस्त पडतं आणि इथला कापूस बाहेर महाग पडतो. शेतकऱ्याच्या हातात येणारे रुपये कमी होतात, पण सावकाराचं कर्ज आणि सरकारचा सारा रुपयांतच ठरलेला असतो, तो कमी होत नाही. हा हिशेब त्या काळातल्या राजकारणाला समजत होता. आज रुपया डॉलरपुढे घसरला की आपण तो देशाच्या अब्रूचा प्रश्न करून भांडतो, आणि हुपरीच्या चांदीला, इचलकरंजीच्या सुताला, खताच्या पोत्याला त्याचं काय होतं हे विचारत नाही. या बाबतीत आपण १९३० च्या मागे गेलो आहोत.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांच्या लायकीवर आहे. २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली. नोव्हेंबरात इंग्लंडची राणी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेली आणि तिने विचारलं, हे कुणाच्या आधी लक्षात कसं आलं नाही? जगभरच्या विद्वानांना त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये हार्वर्डमधल्या काही विद्यार्थ्यांनी प्राथमिक अर्थशास्त्राच्या तासाला सभात्याग केला. शिकवणी एकांगी आहे ही त्यांची तक्रार. त्याआधी सत्तरच्या दशकात बेकारी आणि भाववाढ एकदम वाढली, आणि एक वाढली की दुसरी घटते असं सांगणारी १९५८ सालची फिलिप्सची रेघ तिथे लंगडी पडली. ही अपयशं खरी आहेत, मी ती वर्गात लपवत नाही. पण त्यातून ‘शिकवूच नका’ कसं निघतं? पंचगंगेला २०१९ ला महापूर आला, २०२१ ला पुन्हा आला. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा त्यात किती वाटा, यावर जाणत्यांचं आजही एकमत नाही. म्हणून सिव्हिलच्या पोरांना जलशास्त्र शिकवणं थांबवा असं कुणी म्हणालं का? उलट गावोगावची माणसं धरणाची पाणीपातळी आणि विसर्गाचे आकडे वाचायला शिकली. राजाराम बंधाऱ्याची पातळी इशारा पातळीच्या किती खाली आहे, हे पावसाळ्यात रिक्षावाला सांगतो. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते, त्या रेपो दराचं असं का होऊ नये?

आता ज्याला शिकवणं म्हणतात त्याकडे वळतो, कारण वादात दोन्हीकडून तेच वगळलं गेलं. पुस्तकात गुणकाचं उदाहरण ठरलेलं आहे. सीमांत उपभोग प्रवृत्ती, म्हणजे जास्तीच्या रुपयातला खर्च होणारा हिस्सा, ०.८, म्हणून गुणक ५. सरकारने १०० रुपये खर्च केले की उत्पन्न ५०० ने वाढतं. मुलं ते लिहून घेतात, पेपरात परत देतात आणि विसरतात. मागच्या वर्षी मी ते पान मिटलं आणि राधानगरी तालुक्यातल्या एका मुलीला घरचं उसाचं बिल फळ्यावर मांडायला लावलं. ४२ टन ऊस, ३,४०० चा दर, १,४२,८०० रुपये. गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाची वसुली ८५,००० परस्पर कापून गेली. हातात आले ५७,८००. त्यातले ४०,००० म्हशीसाठी. मुऱ्हा म्हैस, ती आली हरियाणातून. भावाचा मोबाईल सात-आठ हजारांचा. उरलेल्या दहा हजारांत गावातला किराणा, शिंपी आणि जत्रेचा खर्च. मी विचारलं, गावात पुढच्या हातात किती गेले? दहा हजार. म्हणजे रुपयातले सात पैसे. मग या गावाचा गुणक किती? वर्गाने मांडणी केली, उत्तर आलं एक आणि वर थोडं, १.०८ च्या आसपास. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘म्हंजे सर, आमचा गुणक हरियाणाला गेला की!’’

वर्ग हसला, पण हसता हसता ‘गळती’ हा शब्द सगळ्यांना कळला. बचत, कर आणि आयात अशी ती तीन नावं पाठ करण्याची वेळच आली नाही. त्याहून चांगली गोष्ट पुढे झाली. एक मुलगा म्हणाला, सोसायटीचे ८५,००० गळती कसे? ते कर्ज बापाने गेल्या पावसाळ्यात काढून खर्च केलंच होतं की. मग आज वजा केलं तर त्या वेळी जमा धरायला नको का? बरोबर होतं त्याचं. मी पुस्तकाच्या जोरावर फळ्यावर केलेली मांडणी त्याने अर्धी पुसली. मग त्या कर्जाचं खत कुठून आलं, पोटॅश देशाबाहेरून येतं, म्हणजे तीही आयातच, मग सोसायटी हेच पैसे पुन्हा वाटते त्याचं काय, असा तो तास लांबत गेला आणि पुढच्या सरांना दाराशी पाच मिनिटं थांबावं लागलं. त्या दिवशी मला कळलं की गुणक सोपा करून सांगायची गरजच नव्हती. तो अवघडच होता, फक्त त्यांच्या घरातला अवघड होता.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणाचंही तसंच. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी दरडोई वर्षाला २० रुपये हा अंदाज काढला, तो राजकीय हत्यार म्हणून. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांबरोबर अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ बसले, तेच गाडगीळ जे प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यामागे उभे राहिले. इतकी जवळची माणसं असताना आम्ही हे प्रकरण तीन पद्धती आणि सात अडचणी एवढ्यावर उरकतो. वर्गात विचारलं, की दूध संघाला न घालता घरात प्यालेलं दूध देशाच्या उत्पन्नात धरतात का? सगळे म्हणाले नाही. उत्तर हो आहे. शेतकऱ्याने घरी ठेवलेला माल हिशेबात किंमत लावून धरतात. आणि ते दूध तापवणं, भाकऱ्या थापणं, लेकरू सांभाळणं? ते धरत नाहीत. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरचं काम विनामोबदला करणाऱ्या बायकांचा, लेकरं सांभाळणं सोडून, नुसत्या घरकामावरचा दिवसाचा वेळ २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७ मिनिटं भरला. त्यानंतर वर्गात जी शांतता पसरली ती कुठल्याही नोट्समध्ये नाही. एका मुलीने एवढंच म्हटलं, ‘‘मग जीडीपी वाढला म्हणजे नक्की कुणाचं वाढलं?’’

भाषेची अडचण खरी आहे, पण ती सांगतात तिथे नाही. ‘सीमांत उपभोग प्रवृत्ती’ हा शब्द जड आहे, मान्य. जास्तीच्या शंभरातले किती खर्चशील, हा प्रश्न जड नाही. रोखता पसंती समजायला २०१६ चा नोव्हेंबर आठवला तरी पुरे. चलनातल्या ८६ टक्के किमतीच्या नोटा एका रात्रीत बाद झाल्या, आणि आजीच्या लुगड्याच्या घडीतले पैसे पहिल्यांदा घराला दिसले. ती ते तिथे का ठेवत होती? याच प्रश्नावर केन्सने १९३६ साली पानंच्या पानं लिहिली. खरी पंचाईत होते ती आद्याक्षरांची. उपभोग प्रवृत्तीलाही एमपीसी, रिझर्व्ह बँकेच्या २०१६ पासूनच्या पतधोरण समितीलाही एमपीसी, आणि वर्गातल्या निम्म्या पोरांच्या डोक्यात दिवसरात्र एमपीएससी. एकाने खरोखर लिहिलं होतं की एमपीसी वाढली की रेपो दर वाढतो. मी शून्य दिला, आणि घरी येऊन वाटलं की तो माझ्याइतकाच दोषी आहे. व्याजदर आणि उत्पन्न यांची सांगड दाखवणाऱ्या आयएस-एलएमच्या रेघा पहिल्या सत्रातून काढल्या तर माझ्या मते कुणाचं काही बिघडणार नाही. पण हे मत बैठकीत मांडलं तेव्हा एकाने मला असं बघितलं, की मी जणू अंबाबाईच्या गाभाऱ्यात चप्पल घालून शिरलो.

फौंड्रीवाल्यांना मी कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलाशी गाठलं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला, तेव्हा तुमच्या कॅश क्रेडिटचं व्याज किती वाढलं, असं विचारलं. त्यांनी दशांश चिन्हासकट सांगितलं. का वाढवला, असं विचारलं. म्हणाले, ‘‘वरनं ठरतंय ते.’’ ट्रॅक्टरची मागणी, त्यामागची कास्टिंगची ऑर्डर, त्यामागचा पाऊस आणि व्याज, सगळं त्यांच्या बोटांवर होतं. फक्त ‘वरनं’ या शब्दापाशी येऊन हिशेब थांबत होता. माणूस हुशार आहे, माझ्यापेक्षा नक्कीच. पण ‘वरनं’ ठरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेला सरकारने चार टक्के भाववाढीचं, दोन खाली दोन वर असं उद्दिष्ट घालून दिलेलं असतं आणि ते सलग तीन तिमाही चुकलं तर सरकारला लेखी कारण द्यावं लागतं, हे माहीत असतं तर संघटनेच्या निवेदनात त्यांनी ‘व्याज कमी करा’ एवढंच लिहिलं नसतं.

जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला माझे विद्यार्थी जातात, काही घोषणा द्यायला, काही वडापाव खायला. यंदा अंतर्गत चाचणीला मी दहा मार्कांचा एकच प्रश्न घातला. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा केंद्राने ठरवलेला किमान भाव, २०१८-१९ ला क्विंटलला २७५ रुपये होती, २०२५-२६ साठी ३५५ जाहीर झाली. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला, तो पुढचे हंगामच्या हंगाम तिथेच राहिला. २०२२ पासून साखरेच्या निर्यातीवर बंधनं आली. शेतकरी, कारखाना, शहरातला ग्राहक आणि रिझर्व्ह बँक, या चौघांपैकी कुणाच्याही एकाच्या बाजूने युक्तिवाद करा, आणि मग उरलेल्या तिघांपैकी एकाची हरकत स्वतःच घ्या. वेळ पाऊण तास. विभागातून निरोप आला, की असा प्रश्न विद्यापीठाच्या नमुन्यात बसत नाही, ‘टिपा लिहा’ घाला. तोवर पेपर वाटून झाला होता. पाऊण तासात कुणीही पुरवणी मागितली नाही, नेहमी मागतात. पण घंटा झाल्यावर सहा-सात जण बाकावरून उठले नाहीत. त्यांचा आपसात वाद चालू होता, की ग्राहकाच्या बाजूने लिहिणाऱ्याचं घर उसाचं असेल तर ते लिहिणं खरं मानायचं का. राधानगरीची एसटी चुकेल म्हणून शेवटी मीच त्यांना बाहेर काढलं.